अलास्काच्या हिमनद्या बोटीतून पाहताना

उंच डोंगरांवर वर्षानुवर्षे साठलेला बर्फ स्वतःच्याच वजनाने दाबला जातो, घट्ट होतो आणि उताराने अतिशय सावकाश सरकू लागतो. हीच हिमनदी. बहुतेक हिमनद्या जमिनीवरच वितळून संपतात. गंगोत्री हिमनदी गोमुखाशी संपते आणि तिथून भागीरथीचे पाणी वाहू लागते. थोड्याच हिमनद्या वितळण्याआधी समुद्र गाठतात आणि खाऱ्या पाण्यात बर्फाच्या उभ्या कड्याने संपतात. अमेरिकेच्या अलास्का राज्यात लहानमोठ्या हजारो हिमनद्या असल्या, तरी समुद्राला भिडणाऱ्या पन्नासच्या आसपासच आहेत. अशा कड्यासमोर उभे राहायला बहुधा जमीनच नसते. पूर्वी अधिक पुढे आलेल्या बर्फाने खोल दरी कोरलेली असते, बर्फ मागे हटल्यावर तिच्यात समुद्र शिरलेला असतो, आणि दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर असतात. या अरुंद, खोल खाडीला फ्योर्ड म्हणतात. तिच्या टोकापर्यंत जायचे तर बोटच हवी.

सहल ठरवण्याआधी समोर काय घडणार आहे हे माहीत असले, तर बोटीची निवडही नीट करता येते. समुद्रात उतरलेल्या बर्फाचा पाया पाण्याखाली असतो. तुलनेने उबदार समुद्राचे पाणी तो खालून पोखरत राहते, वरच्या भागाचा आधार सुटतो, भेगा रुंदावतात आणि कड्याचे तुकडे कोसळतात. कधी मूठभर बर्फ घरंगळतो, कधी इमारतीएवढा सुळका उभाच्या उभा पाण्यात बसतो. काही वेळा पाण्याखालचा बर्फ सुटतो आणि एकाएकी उसळी मारून वर येतो. हा प्रकार सर्वांत धोक्याचा असतो, कारण वरच्या कड्याकडे पाहून त्याची चाहूल लागत नाही. बर्फाची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडीच कमी असल्याने तरंगणाऱ्या हिमनगाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. असा हिमनग वितळता वितळता तोल जाऊन उलटतोही. म्हणून अनुभवी कप्तान कड्यापासून साधारण पाव ते अर्धा मैल, म्हणजे ४०० ते ८०० मीटर अंतर राखतात. हे अंतर पाहून काही प्रवाशांचा हिरमोड होतो. पण कडा इतका मोठा असतो की या अंतरावरूनच तो पूर्ण डोळ्यांत मावतो. आणखी जवळ गेल्यास धोका वाढतो आणि पाहायला मिळते ते कमी.

अलास्कात अशी सहल कुठून करावी, याचे उत्तर वेळ, खिसा आणि समुद्र सोसण्याची ताकद या तिन्हींवर अवलंबून असते. अँकरेज शहरात उतरणाऱ्या प्रवाशासाठी दोन बंदरे सोयीची आहेत: सिवर्ड आणि व्हिटियर.

सिवर्ड अँकरेजपासून रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर आहे. तिथून केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात बोटी जातात. १९८० साली स्थापन झालेल्या या उद्यानाच्या माथ्यावर हार्डिंग हिमक्षेत्र पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८०० चौरस किलोमीटर असून तिथे वर्षाकाठी १० मीटरच्या आसपास बर्फ पडतो. या साठ्यातून चाळीसच्या आसपास हिमनद्या चहूबाजूंना उतरतात. त्यांपैकी आयालिक, होलगेट आणि नॉर्थवेस्टर्न या बोटीच्या सहलींत दाखवल्या जातात. इथे एक गोष्ट नीट वाचून घ्यावी लागते. सिवर्डहून निघणाऱ्या सुमारे चार तासांच्या सहली रेझरेक्शन उपसागरातच फिरून परततात. त्यांत सागरी जीव आणि लांबून दिसणारी डोंगरावरची हिमनदी पाहायला मिळते, समुद्रात कोसळणारा कडा मात्र नाही. तो पाहायचा तर किमान सहा तासांची सहल घ्यावी लागते. ती आयालिक किंवा होलगेटपर्यंत जाते. नॉर्थवेस्टर्न फ्योर्डची सहल साधारण साडेआठ-नऊ तासांची असते. तिथे गर्दी कमी आणि एका जागी अनेक हिमनद्या दिसतात. ज्याला दिवसभर बोटीत बसणे झेपते आणि ज्याचे मुख्य आकर्षण बर्फ आहे, त्याच्यासाठी हीच सहल सर्वांत समाधानाची.

मात्र केनाईच्या बोटी उपसागर ओलांडून काही वेळ उघड्या समुद्रात, अलास्काच्या आखातात जातात. तिथे लाटा उंच असतात आणि बोट लागण्याचा त्रास अनेकांना होतो. ज्यांना हे अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी व्हिटियर बरे. ते प्रिन्स विल्यम साउंड या बेटांनी आणि डोंगरांनी वेढलेल्या समुद्राच्या काठी वसले आहे. तिथले पाणी बहुधा शांत असते. व्हिटियरहून निघणाऱ्या वेगवान दुहेरी तळाच्या बोटी पाच-सहा तासांत हॅरिमन किंवा कॉलेज फ्योर्डच्या बाजूला जाऊन पुष्कळ हिमनद्या दाखवतात. ब्लॅकस्टोन उपसागराच्या सहली त्याहून छोट्या असतात. कॉलेज फ्योर्डमधल्या हिमनद्यांना हार्वर्ड, येल, स्मिथ, व्हासर अशी नावे आहेत. १८९९ साली एडवर्ड हॅरिमन या रेल्वे उद्योगपतीने नेलेल्या शास्त्रीय मोहिमेने ती दिली. व्हिटियरला पोचण्याची वाट मात्र विचित्र आहे. सुमारे चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा असून त्याच रुळांवरून रेल्वे जाते आणि मोटारीही जातात. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी खणलेला हा बोगदा मोटारींना २००० साली खुला झाला. ठरावीक वेळेला एका दिशेची वाहने सोडली जातात, साधारण तासाला एकदा. आपली वेळ चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत थांबावे लागते आणि तोवर बोट निघून जाते. बोगद्याचे त्या दिवसाचे वेळापत्रक पाहूनच अँकरेजहून निघावे आणि एक पाळी हाताशी राखून ठेवावी.

सिवर्डला उन्हाळ्यात अँकरेजहून रेल्वेही जाते. सकाळी निघणारी गाडी चार-साडेचार तासांत पोचते आणि संध्याकाळी परत फिरते. या वेळांमध्ये सहा तासांची सहल जेमतेम बसते. नऊ तासांची सहल सकाळी लवकर सुटत असल्याने तिच्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम सिवर्डमध्येच करावा लागतो. रेल्वे आणि महामार्ग दोन्ही टर्नअगेन आर्म या खाडीच्या काठाने जातात. तो रस्ताही पाहण्यासारखा आहे. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तिथल्या चिखलाच्या पट्ट्यांवर कोणी उतरू नये. वरून घट्ट दिसणाऱ्या या गाळात पाय रुतून बसतो आणि भरती झपाट्याने येते.

व्हाल्डीझ हे तिसरे बंदर अँकरेजपासून मोटारीने जवळजवळ दिवसभराच्या अंतरावर आहे. तिथून कोलंबिया हिमनदीकडे बोटी जातात. १९८० च्या सुमारास ही हिमनदी मागे हटू लागली आणि तेव्हापासून ती २० किलोमीटरपेक्षा जास्त आत गेली आहे. तिने टाकलेल्या बर्फाने खाडी इतकी भरून जाते की बोटीला पुष्कळदा कडा दिसण्याआधीच थांबावे लागते. हिमनगांचे रंग आणि आकार पाहण्याची हौस असलेल्यांनी इथे जावे. कडाच पाहायचा असेल तर दुसरे ठिकाण निवडावे. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज याच भागात ब्लाय खडकावर आदळले. कोलंबियाकडून आलेला बर्फ टाळण्यासाठी त्याने नेहमीचा जलमार्ग सोडला होता. त्या तेलगळतीने या किनाऱ्याचे केलेले नुकसान पुढे अनेक वर्षे भरून निघाले नाही.

आग्नेय अलास्कात जूनो शहर आणि ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान आहे. जूनोला बाहेरून रस्ताच नाही. विमानाने किंवा जहाजाने जावे लागते. बहुतेक पर्यटक इथे मोठ्या क्रूझ जहाजातून येतात. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात. तिथल्या मार्जरी हिमनदीचा कडा सुमारे दीड किलोमीटर रुंद असून पाण्यावर साधारण ७५ मीटर उंच दिसतो. उद्यानाच्या मुख्यालयापासून, बार्टलेट कोव्हपासून, छोट्या बोटीची दिवसभराची सहलही असते. ती मोठ्या जहाजापेक्षा अधिक जवळीक देते. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेने हा किनारा पाहिला तेव्हा आजचा उपसागर जवळजवळ संपूर्ण बर्फाखाली होता. १८७९ साली निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ ६० किलोमीटरपेक्षा जास्त मागे गेलेला होता, आणि आज तिथल्या बर्फाच्या कड्यापर्यंत जायला खाडीतून १०० किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. व्हँकूव्हर येण्याच्याही आधी इथे हूना ट्लिंगिट लोकांची गावे होती. पुढे सरकत आलेल्या बर्फाने त्यांना घर सोडायला लावले. ही जमीन अजूनही त्यांची पूर्वजभूमी आहे, हे लक्षात ठेवून ती पाहावी.

क्रूझ आणि छोटी बोट यांतला फरक सोयीपुरता नाही. क्रूझवर झोप, जेवण आणि उबदार खोली मिळते, जहाज फारसे हलत नाही, वृद्धांना बरे पडते. पण मोठे जहाज बर्फाने भरलेल्या अरुंद पाण्यात शिरू शकत नाही आणि प्रवासी पाण्यापासून बरेच उंचावर असतात. शंभर-दीडशे प्रवाशांची बोट कड्यासमोर इंजिन मंद करून थांबते, पाणी हाताच्या अंतरावर असते आणि बर्फाचा आवाज ऐकू येतो. घरातील वडीलधारे सोबत असतील तर क्रूझ घ्यावी आणि एखाद्या बंदरावर उतरून छोट्या बोटीची सहल जोडावी, हा चांगला मध्यममार्ग ठरतो.

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांनी क्रूझच्या मार्गाकडे बारकाईने पाहावे. व्हँकूव्हरहून निघणाऱ्या जहाजासाठी अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. सिअ‍ॅटलहून निघून तिथेच परतणारी परदेशी नोंदणीची जहाजेसुद्धा अमेरिकी कायद्यामुळे वाटेत एका परदेशी बंदरावर, बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, थांबतात. आरक्षणाआधीच जहाज कंपनीकडून कागदपत्रांची यादी लेखी मागवून घ्यावी. अँकरेजला विमानाने जाऊन तिथून दिवसाची सहल करणाऱ्याला अमेरिकेचा व्हिसा पुरतो, फक्त विमान कॅनडातून बदलणारे नसावे.

हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा. मेमध्ये दर थोडे कमी असतात आणि डोंगर अजून पांढरे असतात, पण समुद्र खवळलेला असण्याची शक्यता जास्त. जून आणि जुलै सर्वांत भरवशाचे. दिवस इतका मोठा असतो की रात्री अकरालाही उजेड राहतो. ऑगस्टपासून पाऊस वाढत जातो. व्हिटियरमध्ये वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे कोरड्या दिवसाची वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो. आणि ढगाळ दिवस वाया गेला असे मुळीच समजू नये. दाट बर्फातून जाताना प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळा उरतो. ऊन प्रखर असले की पृष्ठभागाच्या चकाकीत तो निळा रंग हरवतो. आभाळ भरून आलेले असताना कडा आतून उजळल्यासारखा निळा दिसतो.

बोट लागण्यावरचा उपाय बोट सुटण्याआधीच करावा लागतो. एकदा मळमळ सुरू झाली की गोळीचा फारसा उपयोग होत नाही. निघण्याच्या तासभर आधी गोळी घेतलेली बरी. अमेरिकेत मेक्लिझीनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, पण त्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि मुलांसाठी कोणते औषध चालेल हे डॉक्टरांना आधी विचारावे. रिकाम्या पोटी बसू नये आणि तुडुंब जेवूनही नाही. आलेपाक किंवा सुंठीच्या गोळ्या जवळ असाव्यात. बोटीच्या खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागच्या बाजूला हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. उघड्या समुद्रात असताना मोबाइलमध्ये डोके घालू नये. नजर क्षितिजावर ठेवावी आणि तोंडावर वारा घ्यावा. फ्योर्डमध्ये शिरल्यावर पाणी शांत होते आणि बहुतेकांना तासाभरात हुशारी वाटते.

कपड्यांच्या बाबतीत भारतातून जाणाऱ्यांची फसगत होते ती जुलै महिना पाहून. सिवर्डमध्ये उन्हाळी दुपारी १५ अंशांच्या आसपास तापमान असले, तरी हिमनदीवरची थंड, जड हवा उतारावरून खाली घसरत थेट बोटीवर येते. त्यातून बोट वेगात असली की वारा हाडांपर्यंत पोचतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर पाणी व वारा दोन्ही अडवणारे जाकीट, असे एकावर एक कपडे घालावेत. मुंबई-कोकणच्या पावसासाठी घेतलेला प्लास्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, पण ऊब देत नाही. सुती जीन्स भिजली की दिवसभर ओलीच राहते. कानटोपी, हातमोजे आणि घट्ट पकड देणारे बूट लागतात. डेकवर पाणी असते आणि बोट हलत असते, त्यामुळे चपला आणि गुळगुळीत तळाचे बूट नकोत. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना त्रास देते, म्हणून गडद चष्माही असावा.

अनेक सहलींत दुपारचे जेवण तिकिटात धरलेले असते आणि त्यात मासे किंवा चिकन असण्याचा संभव असतो. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळी कळवावे आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारावे. तरीही सोबत कोरडा खाऊ ठेवलेला बरा. बोटीवर दुसरे दुकान नसते.

बोट कड्यासमोर थांबते तो काळ अर्ध्या तासाच्या आसपास असतो. सगळी सहल याच्यासाठी असते, म्हणून तो नीट वापरावा. पहिली काही मिनिटे कॅमेरा खाली ठेवून नुसते पाहावे. सुरुवातीला कडा लहान आणि जवळ वाटतो, कारण आजूबाजूला झाड, घर असे मापाला काहीच नसते. कड्याच्या पायथ्याशी उडणारे पक्षी दुर्बिणीतून पाहिले की खरा आकार ध्यानात येतो. ते पांढऱ्या ठिपक्यांएवढे दिसतात. जिथे ते दाटीने घिरट्या घालतात तिथे बहुधा हिमनदीच्या पोटातून वितळलेले पाणी वर येत असते आणि त्याबरोबर त्यांचे खाद्यही. हे पाणी दुधाळ, करडे दिसते, कारण बर्फाने खडक घासून केलेली बारीक पूड त्यात मिसळलेली असते.

बर्फ कोसळताना पाहायचा असेल तर आवाजाच्या मागे लागू नये. ८०० मीटरवरून आवाज यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो. गडगडाट ऐकून मान वळवेपर्यंत तुकडा पाण्यात गेलेला असतो. एक जागा निवडून तिच्यावर नजर ठेवावी. जिथून लहान तुकडे वारंवार गळत आहेत, जिथे कड्याला ताजी, गडद निळी जखम दिसते किंवा एखादा सुळका पुढे झुकलेला आहे, तिथे मोठा भाग कोसळण्याची शक्यता अधिक. छायाचित्रापेक्षा व्हिडिओ सोपा पडतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून मोबाइल खिशात अंगाजवळ ठेवावा. इंजिन मंद झाल्यावर बोलणेही थांबवावे. पाण्यात तरंगणाऱ्या तुकड्यांतून सतत बारीक तडतड ऐकू येते. बर्फ तयार होताना त्यात दाबाखाली अडकलेली हवा, तो वितळताना बुडबुड्यांतून सुटत असते.

बर्फाच्या तुकड्यांवर पहुडलेले हार्बर सील हे या जागेचे खरे रहिवासी आहेत. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये माद्या इथेच पिलांना जन्म देतात, कारण तरंगत्या बर्फावर ऑर्का, म्हणजे शिकारी व्हेल, सहज पोचत नाहीत. बोट फार जवळ गेली तर सील पाण्यात उड्या घेतात, आई आणि पिलू यांची ताटातूट होऊ शकते आणि थंड पाण्यात पिलाची शक्ती खर्च होते. याच कारणाने ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स खाडी मे-जूनमध्ये बोटींना बंद असते. अलास्कात हंपबॅक व्हेलपासून सुमारे ९० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. कप्तान सीलपासून दूर राहिला म्हणून कुरकुर करू नये. जो दूर राहतो तोच चांगला कप्तान. केनाईच्या वाटेवर चिसवेल बेटांपाशी सी लायन आणि पफिन दिसतात, तर पाणमांजरे बंदरातच पाठीवर पडून तरंगत असतात.

कयाकमधून हिमनदीजवळ जाण्याच्या सहलीही मिळतात. त्या वाटाड्यासोबतच कराव्यात. इथल्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात, आणि कोसळलेल्या बर्फाची लाट छोटी कयाक उलटवू शकते. दुसरा धोका डोंगरांचा. बर्फाचा आधार गेलेले कडे सैल होतात आणि दरड खाडीत कोसळली तर प्रचंड लाट उठते. १९५८ साली लिटुया उपसागरात भूकंपाने सुटलेल्या दरडीमुळे पाणी समोरच्या डोंगरावर ५२४ मीटरपर्यंत चढले होते. व्हिटियरजवळच्या बॅरी आर्ममधला अस्थिर उतार २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीरपणे निदर्शनास आणला आणि तेव्हापासून त्याच्यावर नजर ठेवली जाते. जूनोजवळच्या ट्रेसी आर्ममध्ये १० ऑगस्ट २०२५ च्या पहाटे दरड कोसळून पाणी काठावर ४०० मीटरपेक्षा जास्त चढले. सुदैवाने त्या वेळी तिथे जहाज नव्हते. अशा घटना विरळ असतात. तरी सहलीचा मार्ग त्या वर्षी बदलला आहे का, हे कंपनीला विचारून घ्यावे.

जुन्या प्रवासवर्णनांवर आणि छायाचित्रांवर विसंबून ठिकाण निवडू नये. ग्लेशियर बेमधली म्यूर हिमनदी एके काळी पर्यटकांची पहिली पसंती होती. १९९० च्या दशकात तिने समुद्र सोडला आणि आता ती जमिनीवर संपते. अँकरेजजवळच्या पोर्टेज तळ्याकाठी १९८६ मध्ये माहिती केंद्र उभारले गेले ते हिमनदी समोर दिसावी म्हणून. आज ती तिथून दिसत नाही, तळ्यातून बोटीने वळण घेऊन जावे लागते. उलट याकुताटजवळची हबर्ड हिमनदी पुढे सरकत असून १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फ्योर्डचे तोंडच काही काळ बंद केले होते. हवामान बदलत आहे हे खरेच, पण समुद्रातल्या हिमनदीचे पुढे-मागे होणे पाण्याच्या खोलीवर आणि तिने स्वतःपुढे रचलेल्या हिमोढाच्या, म्हणजे दगडगाळाच्या, बांधावरही ठरते. त्यामुळे शेजारच्या दोन हिमनद्या वेगळ्या वागू शकतात. कोणती हिमनदी सध्या कुठे आहे, हे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे पाहावे.

समुद्र खवळलेला असल्यास कप्तान अर्ध्या वाटेवरून बोट परत फिरवतो किंवा हिमनदी बदलतो. पैसे किती परत मिळणार हे प्रत्येक कंपनीच्या नियमांवर ठरते. ते तिकीट काढतानाच वाचावे. शक्य असेल तर सहल मुक्कामाच्या पहिल्या दिवसांत ठेवावी आणि पुढचा एक दिवस मोकळा सोडावा, म्हणजे रद्द झालेली फेरी पुन्हा घेता येते. परतीच्या विमानाच्या दिवशी बोटीचे आरक्षण करू नये.